घरात ठेवायची कार्बाइन १६ इंचाचीच का झाली?

अमेरिकेत घराच्या राखणीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की आजकाल बहुतेकदा गाडी १६ इंची बॅरलच्या (म्हणजे नळीच्या) एआर-१५ कार्बाइनपाशी, म्हणजे एआर-१५ या रायफलच्या आखूड, हलक्या प्रकारापाशी येऊन थांबते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी घरातले पॅसेज नि दरवाजे मोजून हा आकडा काढला असणार. तसं काही नाहीये. आकडा कायद्यातून आलाय आणि तोही वेड्यावाकड्या वाटेने.

१९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट हा दारूबंदीच्या काळातल्या गँगवाल्यांच्या धुमाकुळानंतर आला. मूळ मसुद्यात पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरसुद्धा होती, मग रायफल कापून पिस्तुलाएवढी करायची पळवाट नको म्हणून आखूड रायफल आणि शॉटगनही त्यात घातल्या. पुढे विरोध झाला, पिस्तुलं वगळली गेली, पण पळवाट बुजवणारं कलम तसंच राहिलं! भिंत पाडली आणि कुलूप लावलेलं दार तेवढं उभं, असला प्रकार. १८ इंचाच्या आत बॅरल असेल तर नोंदणी अधिक २०० डॉलर टॅक्स, आणि त्या काळात तेवढ्यात जवळपास अख्खी टॉमी गन, म्हणजे गँगवाल्यांची आवडती सबमशीनगन यायची.

मग आलं दुसरं महायुद्ध. ड्रायव्हर, रेडिओवाले, तोफखान्यातली पोरं यांना सैनिकांची नेहमीची गरँड रायफल जड पडायची आणि पिस्तुलाने लांबचं काही लागायचं नाही, म्हणून आर्मीने १९४१ मध्ये एम१ कार्बाइन घेतली. वजन अडीच किलोच्या आत, धक्का कमी, १५ राउंडचं मॅगझिन, आणि युद्ध संपेपर्यंत ६० लाखांवर बनल्या. तिची बॅरल १८ इंचाच्या अगदी काठावरची. १९६० मध्ये सरकारने रायफलची मर्यादा १६ इंचावर आणली (शॉटगनची १८ च ठेवली, का ते विचारू नका) आणि १९६३ मध्ये जादा झालेल्या एम१ कार्बाइन नॅशनल रायफल असोसिएशनच्या मेंबरांना २० डॉलरला विकल्या. हलकी कार्बाइन साध्या घरांत शिरली ती अशी, स्वस्त सरकारी माल म्हणून.

कोल्ट या बंदूक कंपनीने १९६४ ला सिव्हिलियन एआर-१५ काढली खरी, पण तिची बॅरल २० इंची, आणि घरासाठी लोक शॉटगनच धरून होते. माझ्या मते हवा फिरली ती पोलिसांमुळे. २८ फेब्रुवारी १९९७, नॉर्थ हॉलिवूड. बँक लुटणारे दोघं अंगावर चिलखत घालून ऑटोमॅटिक रायफली चालवत होते आणि पोलिसांच्या पिस्तुल-शॉटगनचा त्यांच्यावर काही परिणाम होईना, शेवटी पोलीस जवळच्या गन शॉपमधून रायफली घेऊन आले. त्यानंतर गस्तीच्या गाडीत कार्बाइन ठेवायची पद्धत पसरली, आणि पोलीस जे वापरतात ते लोकही घेतात, फक्त नोंदणी-टॅक्सची कटकट नको म्हणून बॅरल १६ इंचाची.

गोळी भिंतीपलीकडे जाण्याचा मुद्दाही त्याच काळातला. अमेरिकन घरात लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड असतात, आपल्यासारखी वीट नाही. चाचण्यांमध्ये दिसलं की एआर-१५ ची ५.५६ एमएमची हलकी वेगवान गोळी बोर्डात लागून कलंडते, फुटते, त्यामुळे पुष्कळदा पिस्तुलाच्या ९ एमएमच्या गोळीपेक्षा कमी आत जाते. विकणाऱ्यांनी हे उचलून धरलं, पण शरीरात पुरेशी आत जाणारी कुठलीही गोळी दोन-तीन बोर्ड सहज पार करते आणि पलीकडे पोरं झोपलेली असू शकतात, हे मात्र कुणी ठळक अक्षरात लिहीत नाही.

१ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलवरचा तो २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, नोंदणी आहेच. त्यामुळे १६ चा आग्रह थोडा सैल होईल, पण सगळीकडे नाही. आपली बरीच मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत आखूड रायफल चालतच नाही, कोल्ट एआर-१५ चं नाव १९९० च्या राज्य कायद्यातल्या बंदीच्या यादीत आहे, आणि गंमत म्हणजे त्याच यादीत एम१ कार्बाइनही आहे, जी सरकारने स्वतः २० डॉलरला विकली होती.