कोघोम (बामुम अक्षर)

कोघोम हे कॅमेरूनच्या पश्चिम भागातील बामुम लिपीच्या आधुनिक वर्णमालेतील ऐंशीवे आणि शेवटचे अक्षर असून तेच या लिपीतील शून्याचे चिन्हही आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, त्याचा संकेतांक षोडशमान पद्धतीने यू+ए६ईएफ, म्हणजे दशमान पद्धतीने ४२७३५, असा आहे.

बामुम लोकांच्या राज्याची राजधानी फुंबान येथील राजा इब्राहिम न्जोया याने १८९६ च्या सुमारास प्रजेकडून निरनिराळ्या वस्तूंची चित्रे काढवून घेऊन ही लिपी सिद्ध केली. आरंभी सुमारे पाचशे असलेली चिन्हे पुढील फेरबदलांत घटत गेली आणि १९१० मध्ये ऐंशी अक्षरांची लिपी तयार झाली. पहिल्या चार अक्षरांवरून तिला ‘आ का उ कु’ म्हणतात. तिच्यातील शेवटची दहा अक्षरे अंकांचेही काम करतात : ‘मो’ म्हणजे एक, आणि तेथून क्रमाने नऊपर्यंत गेल्यावर कोघोम येते.

कोघोमचे स्थान नऊच्या पुढे का, याचे उत्तर त्याच्या जुन्या अर्थात आहे. पूर्वी हे चिन्ह दहा या संख्येसाठी वापरले जाई. दशमान स्थानमूल्याची पद्धत स्वीकारल्यावर दहासाठी वेगळ्या चिन्हाची गरज उरली नाही आणि तेच चिन्ह शून्य झाले. एका राजाच्या हयातीतच ‘दहा’चे ‘शून्य’ व्हावे, ही लेखनाच्या इतिहासातील खरोखर विलक्षण घटना आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या युनिकोड ५.२ मध्ये आधुनिक बामुमची ८८ चिन्हे समाविष्ट झाली. ती अशी : ८० अक्षरे, २ जोडखुणा (अक्षराला जोडून लिहायच्या खुणा) आणि ६ विरामचिन्हे. लिपीच्या आधीच्या टप्प्यांतील, पुढे वगळली गेलेली ५६९ चिन्हे पुढच्या वर्षी युनिकोड ६.० मधील पुरवणी विभागात आली. देवनागरी अंक शून्यापासून नऊपर्यंत ओळीने मांडलेले असल्यामुळे ते ‘दशमान अंक’ या वर्गात मोडतात. बामुम अंकांचा क्रम एकपासून सुरू होतो आणि ते अक्षरेही आहेत, म्हणून त्यांचा वर्ग ‘अक्षर-संख्या’ असा ठरवला आहे. परिणामी केवळ दशमान अंक शोधणाऱ्या आज्ञावलीला कोघोम सापडत नाही, आणि संकेतांकातून शून्याचा संकेतांक वजा करून अंकाची किंमत काढण्याची नेहमीची युक्तीही येथे चालत नाही. ती किंमत युनिकोडच्या गुणधर्म-कोष्टकातूनच घ्यावी लागते.

त्या कोष्टकात कोघोमची किंमत ० एवढीच नोंदलेली आहे. त्यामुळे जुन्या हस्तलिखिताची संगणकीय प्रत करताना हे चिन्ह दहा म्हणून वाचायचे की शून्य म्हणून, हे हस्तलिखिताचा काळ पाहून संपादकालाच ठरवावे लागते.