खेळातून शिक्षण (बेळगाव सीमाभाग)

खेळाचे नियम, हिशेब आणि खेळतानाचे बोलणे यांच्या आधारे मुलांना अंक, मोजमाप व भाषा शिकवण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, तसेच कारवार-हल्याळ आणि बिदरकडच्या मराठी मुलांसाठी तिला एक जादा काम असते. घरी मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही आणि कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानुसार शाळेत कन्नड सक्तीची; त्यामुळे इथे खेळ हा गणिताइतकाच भाषेचाही वर्ग ठरतो.

याचा जुना दाखला विटीदांडूत आहे. ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणत पाय, मूठ, डोळा अशी जागा बदलत विटी टोलवली जाते. हे शब्द मराठी अंकांचे नव्हेत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी त्यांचे नाते उघड दिसते. कन्नडमधले मूरु, नाल्कु हेही त्याच कुळातले. म्हणजे महाराष्ट्रातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या द्राविडी अंक घोकत आली, तेही छडीशिवाय. कन्नडमध्ये हाच खेळ चिन्नीदांडू. विटी कुठे पडली ते दांडूनेच मोजतात, आणि दांडू लहान-मोठा असला की माप बदलते, हे मुलांना भांडणातून कळते.

दोन भाषांत मोजण्याचा खरा फायदा वीसच्या पुढे दिसतो. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो, लिहिताना मात्र दशक आधी. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक: बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच. २९ ला मराठीत ‘एकोणतीस’, तिसाला एक कमी. कन्नडमध्ये सरळ वीस-नऊ. दोरीवरच्या उड्या आळीपाळीने दोन्ही भाषांत मोजायला लावल्या, तर स्थानिक किमतीचा अर्धा धडा तिथेच होऊन जातो.

चल्लस-आठ (कन्नड चौकाबारा) पंचवीस घरांच्या पटावर खेळतात. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून चार फाकी घ्यायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. सोंगटी किती घरे पुढे न्यायची याची बेरीज मूल मनात करते. पाच सागरगोट्यांच्या प्रकारात एक वर उडवून खालचे चार आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन नि एक, शेवटी सगळे एकदम उचलतात. चाराची फोड करण्याचे हे सगळे प्रकार झाले, फक्त एक-एक-दोन तेवढा राहिला.

शाळेत ही दृष्टी दोन वाटांनी आली. मराठीत ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने घडवली. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ (आनंदाने शिक) सुरू झाले: मुले गटाने बसतात, चित्रांची कार्डे उचलतात आणि शिकण्याच्या टप्प्यांच्या शिडीची एकेक पायरी आपल्या गतीने चढतात.

कार्डांनी वाचन-लेखनाला शिस्त येते, पण गल्लीतली एक गोष्ट त्यांत मावत नाही. विटी रेषेच्या आत पडली की बाहेर, राज्य कुणावर, यावर शेजारच्या कन्नड पोराशी हुज्जत घालताना मराठी मूल जेवढी वाक्ये जुळवते, तेवढी पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात क्वचितच जुळवते. म्हणून जाणते शिक्षक अशा वेळी लगेच निवाडा करायला धावत नाहीत.