तयारी

तयारी (विशेषण : तयार) हा मराठीत सिद्धता, संमती आणि कमावलेले कसब अशा तीन अर्थांनी रुळलेला शब्द. मूळ अरबी ‘तय्यार’. ‘उडणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजारामुळे ‘तैयार’ असेही कानी पडते.

‘मी तयार आहे’ म्हणजे माझे आवरून झाले. ‘मी यायला तयार आहे’ म्हणजे माझी हरकत नाही. एका ‘यायला’ने सिद्धतेची संमती होते. ‘ऐकायलाच तयार नाही’ यात तर निव्वळ हट्ट उरतो. अढीतला आंबा वास सुटून देठाजवळ बोटाला जरा मऊ लागला की ‘तयार’ होतो, आणि चलाख पोराला ‘भारी तयार आहे हो’ म्हणतात. ‘सज्जता’ हा प्रतिशब्द सरकारी कागदांत शोभतो, बोलण्यात क्वचितच येतो.

ग्वाल्हेरात या शब्दाचा तिसरा अर्थ, म्हणजे कमावलेले कसब, सर्वांत खोल रुजला आहे. दौलतराव शिंद्यांची १८१० मधली छावणी इथे कायमची वसली आणि ‘लष्कर’ या नावाने शहराचा भाग झाली. ग्वाल्हेर घराण्याचे गायक हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्या गायकीचा वारसा याच शहराचा. त्याच घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. गाणाऱ्यांच्या बोलीत तयारी ही मैफलीच्या आदल्या दिवशी करायची गोष्ट नव्हे, ती गळ्यात असते. एकच पलटा (सरावाची स्वररचना) आधी ठाय म्हणजे संथ लयीत, आकारात म्हणजे ‘आ’ लावून, एकेक स्वर सुटा ऐकू येईल असा घोटायचा. मग दुगुणीत, चौगुणीत, म्हणजे दुप्पट, चौपट वेगात. लय वाढताना मधला एखादा स्वर गिळला गेला की पुन्हा ठाय लयीवर. तीन सप्तकांत सरळ धावणारी सपाट तान दाणेदार, म्हणजे स्वर न् स्वर सुटा, निघाली, की ‘गळा तयार झाला’ म्हणतात.

जाणकार मात्र तयारी आणि गाणे यांत फरक करतात, आणि तो योग्यच आहे. ‘तयारी चांगली आहे’ एवढेच बोलून श्रोता थांबला, तर रागाची बढत म्हणजे टप्प्याटप्प्याने केलेला विस्तार, बंदिशीची मांडणी यांबद्दल तो गप्प राहिला, हे गाणाऱ्याला बरोबर कळते. ही तयारी टिकाऊही नसते. काही महिने रियाज सुटला, तर चीज (बंदिश) आठवते, राग आठवतो. द्रुत तान तेवढी अडखळते.