प्रोसेसरमधील त्रुटी आणि कर्नलचे बचाव-उपाय : कोकण किनाऱ्यावरील वापर

प्रोसेसरच्या रचनेतच राहून गेलेल्या सुरक्षा-त्रुटी नंतर दुरुस्त करता येत नाहीत. चिप तर विकली गेलेली असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, त्या त्रुटींभोवती कुंपण घालते. या उपायांना मिटिगेशन्स म्हणतात. त्यांतले कोणते चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे संगणक सुरू होताना कर्नलला सांगता येते. ही नोंद मुख्यतः लिनक्सविषयी आहे. विंडोजमध्ये हेच काम रजिस्ट्री या सेटिंगांच्या साठ्यातील ‘फीचर-सेटिंग्ज-ओव्हरराइड’ या नोंदींनी होते.

३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या. दोन्हींचे मूळ एकच. आधुनिक प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला की ते टाकून देतो. खानावळवाल्याने नेहमीचे गिऱ्हाईक दारात दिसताच सुरमई तव्यावर टाकावी आणि ते गिऱ्हाईक आत न येताच निघून जावे, तसे हे आहे : मासा बाजूला ठेवला तरी वास राहतोच. प्रोसेसरचा असा वास कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या वेगवान स्मृतीत, राहतो. कोणती माहिती लवकर मिळते आणि कोणती उशिरा, हे मोजून दुसरा प्रोग्रॅम गुपित ओळखतो. पुढे एलवनटीएफ (२०१८), एमडीएस (२०१९), रेटब्लीड (२०२२), डाउनफॉल (२०२३) अशी रांगच लागली.

मेल्टडाउनवरचा उपाय म्हणजे कर्नलचे आणि प्रोग्रॅमचे पेज टेबल, म्हणजे स्मृतीतील पत्त्यांचा नकाशा, वेगळे ठेवणे. त्याचा पाया ऑस्ट्रियातील ग्राट्झ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घातला होता आणि लिनक्स ४.१५ मध्ये तो ‘पीटीआय’ या नावाने आला. एएमडीच्या प्रोसेसरांना मेल्टडाउनची बाधा नाही, त्यामुळे तिथे तो आपोआप बंद राहतो. स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम पुढे कुठे उडी घेईल याचा प्रोसेसरचा अंदाज भरकटवला जातो; त्यासाठी गूगलच्या पॉल टर्नर यांनी तो अंदाजच टाळणारी ‘रेटपोलिन’ ही युक्ती सुचवली.

प्रत्येक उपायाला वेगाची किंमत आहे आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामाला ती फारशी जाणवत नाही. डिस्क आणि नेटवर्कसाठी वारंवार कर्नलकडे धावणाऱ्या कामाला जाणवते. पत्त्यांच्या साठवणीत कोणती नोंद कोणाची हे ओळखू देणारी पीसीआयडी ही सोय नसलेल्या कोअर २ ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर पीटीआय अधिक महाग पडते, कारण कर्नलमध्ये प्रत्येक ये-जा करताना पत्त्यांची साठवण रिकामी होते. मुंबईतल्या कार्यालयांतून निवृत्त होऊन कोकणातल्या शाळांत पोचलेल्या संगणकांना नेमकी हीच झळ लागते. तिथूनच ‘सगळे बंद करा, मशीन पळेल’ हा सल्ला फिरू लागतो.

सगळे बंद करण्याची कळ खरोखरच आहे. जॉश पॉइमबोफ यांनी लिहिलेला ‘मिटिगेशन्स’ हा पॅरामीटर, म्हणजे सुरू होताना कर्नलला द्यायची सूचना, २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये आला. त्याचे मुख्य पर्याय तीन : ‘ऑफ’, ‘ऑटो’ आणि ‘ऑटो,नोएसएमटी’. ऑटो हे मूळचे सेटिंग आहे. ते हायपरथ्रेडिंगला, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर दोन कामे एकदम चालवण्याच्या सोयीला, हात लावत नाही. तिसरे मात्र गरज असेल तिथे हायपरथ्रेडिंगही बंद करते.

निवड करताना वेगाच्या आधी एकच गोष्ट विचारावी : या यंत्रावर कोणाकोणाचा कोड चालतो? ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत एकाच प्रोसेसरवर अनेक ग्राहकांची आभासी यंत्रे, म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारे स्वतंत्र संगणक, नांदतात. तिथे उपाय बंद करणे म्हणजे शेजाऱ्याला आपली तिजोरी उघडून देणे. तालुक्याच्या ग्रंथालयातला संगणकही दिवसभर अनोळखी हातांत असतो. त्याच्या ब्राउझरमध्ये परक्याचे जावास्क्रिप्ट चालते आणि स्पेक्टरचा हल्ला जावास्क्रिप्टमधूनही करता येतो हे मूळ शोधनिबंधातच दाखवले आहे. तिथे ऑफ करू नये. भरती-ओहोटीचे आकडे मोजणारा, ब्राउझर नसलेला, फक्त स्वतःचाच प्रोग्रॅम चालवणारा संगणक असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या यंत्राची स्थिती ‘सिस’ फाइलप्रणालीतील ‘डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज’ या फोल्डरमध्ये दिसते. प्रत्येक त्रुटीची एक फाइल आणि तिच्यात एक ओळ. ‘नॉट अफेक्टेड’ म्हणजे बाधा नाही, ‘मिटिगेशन’ने सुरू होणारी ओळ म्हणजे उपाय चालू आहे. ‘एमडीएस’च्या फाइलमध्ये ‘व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड’ असे दिसले, तर कर्नल आपल्या बाजूने प्रयत्न करते आहे, पण प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, मिळालेला नाही. असे असताना पॅरामीटर बदलून काही उपयोग नाही.

मायक्रोकोड दोन वाटांनी येतो : मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम म्हणजे बायोस बदलून किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजमधून. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात पॅकेजचीच वाट धरावी. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. पॅकेजमधला मायक्रोकोड दर वेळी बूट होताना नव्याने चढवला जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी प्रोसेसरचे काही बिघडत नाही. डेबियन या लिनक्सच्या वाणात १२ व्या आवृत्तीपासून ही पॅकेजेस ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या विभागात आहेत.

पॅरामीटर तात्पुरता तपासण्यासाठी ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहितात. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. लाइट जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले की जुनेच सेटिंग परत येते. कायमचा बदल उबंटू-डेबियनवर ‘इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये करून ‘अपडेट-ग्रब’ चालवावा लागतो, फेडोरावर ‘ग्रबी’ वापरतात. कर्नलला कोणते पॅरामीटर खरोखर दिले गेले ते ‘प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये वाचता येते.

२०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१७ ने त्रुटीच्या नावाऐवजी हल्ल्याच्या मार्गानुसार निवड करण्याची सोय दिली : प्रोग्रॅमकडून कर्नलवर, प्रोग्रॅमकडून प्रोग्रॅमवर, आभासी यंत्राकडून यजमानावर, आभासी यंत्राकडून दुसऱ्या आभासी यंत्रावर. ग्रंथालयाच्या संगणकावर आभासी यंत्रे चालतच नसतील, तर शेवटचे दोन मार्ग सोडून पहिल्या दोघांवरचा पहारा कायम ठेवता येतो.