जबड्याने ऐकणारा डॉल्फिन

केनेथ नॉरिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका डॉल्फिन मादीचे दोन्ही डोळे रबरी झाकणांनी बंद केले. टाकीत मध्ये मध्ये नळ्या टांगलेल्या होत्या. काहीही दिसत नसताना ती त्या नळ्या चुकवत सफाईने पोहत राहिली. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवून दिलं, की डॉल्फिन आवाजाच्या आधाराने वाट काढतो.

डॉल्फिन मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं. त्याच्या डोक्यावरच्या श्वासरंध्राखाली, नाकाच्या मार्गात, ओठांसारख्या घड्या असतात. त्यांतून हवा ढकलली की ‘टक्’ असा अतिशय छोटा आवाज होतो. कपाळातला चरबीचा गोळा तो आवाज टॉर्चच्या झोतासारखा एकवटून पुढे सोडतो. आवाज माशावर आदळतो आणि प्रतिध्वनी परत येतो. तो झेलतो खालचा जबडा! तिथल्या चरबीतून तो आतल्या कानापर्यंत जातो. मला तर ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. सहसा एक प्रतिध्वनी आल्यावरच डॉल्फिन पुढची टक् काढतो. त्यामुळे मासा जवळ येईल तशी टकटक भराभर होते, आणि शेवटी नुसती करकर ऐकू येते. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यांना तर भिंगच नसतं. गढूळ पाण्यात त्याची सारी मदार या आवाजावरच.

शिट्ट्यांची गोष्ट वेगळी. बॉटलनोज डॉल्फिनचं पिल्लू लहानपणीच स्वतःची खास शिट्टी तयार करतं. ती शिट्टी म्हणजे जणू त्याचं नाव. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट यानिक या शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडजवळच्या समुद्रात डॉल्फिनांना अशा शिट्ट्यांच्या नकला ऐकवल्या. स्वतःची शिट्टी ऐकू आली की डॉल्फिन उलट शिट्टी घालून ‘ओ’ देत, असं त्यांच्या 2013 च्या अभ्यासात दिसलं.

या हाका जहाजांच्या गोंगाटात मात्र बदलतात. अटलांटिक महासागरातल्या 2018 च्या एका अभ्यासात आढळलं, की आजूबाजूचा आवाज वाढला की डॉल्फिनांच्या शिट्ट्यांतले चढउतार कमी होतात आणि त्या साध्या, सपाट होत जातात.