रत्नागिरीवरून जाणारी खरी रेघ

पृथ्वीचा बिनचूक सपाट नकाशा काढताच येत नाही, मग यंत्रं कितीही चांगली असोत. करवंटी पाटासारखी सपाट करायला गेलं तर ती तडकणारच. गोल पृष्ठभागाचं हे असंच होणार, याची गणिती सिद्धता गणितज्ञ गाउसने 1827 साली दिली. म्हणून आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा यांतलं काय सांभाळायचं आणि कशावर पाणी सोडायचं, हे नकाशा काढणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. त्यावरून प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, ठरतं.

नकाशाकार मर्केटरने 1569 साली दिशा सांभाळली. त्याच्या नकाशावर दोन बंदरं सरळ रेघेने जोडायची, तिचा उत्तरेशी होणारा कोन होकायंत्रावर धरायचा आणि जहाज हाकायचं. दर्यावर्दींना हेच हवं होतं. क्षेत्रफळाचा मात्र बळी गेला: ग्रीनलंड प्रत्यक्षात भारताच्या दोन-तृतीयांश, पण तिथे भारताहून कितीतरी मोठं दिसतं.

मोबाइलवरचे बहुतेक नकाशे याच घराण्यातले. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका ताण जास्त. डहाणूजवळचा किलोमीटर त्यांत सुमारे 6.4 टक्के मोठा उमटतो, रेडीजवळचा 3.9 टक्के. एकाच किनाऱ्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या मोजपट्ट्या! रस्ता शोधायला याने काही अडत नाही, जमिनीच्या मोजणीला मात्र हे मुळीच चालणार नाही.

कोकणासारख्या दक्षिणोत्तर चिंचोळ्या पट्टीला आडवं मर्केटर प्रक्षेपण शोभतं. मूळ रीतीत कल्पनेतली वृत्तचिती विषुववृत्ताला चिकटते. ती आडवी केली की एखाद्या रेखावृत्ताला चिकटते, आणि त्याच्या आसपास ताण फार कमी राहतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम या आडव्या मर्केटर पद्धतीत असे सहा-सहा अंशांचे 60 पट्टे आहेत. कोकण 43व्या पट्ट्यात येतं, 72° ते 78° पूर्व. मधल्या 75° रेखावृत्तावर नकाशातल्या अंतराचं खऱ्या अंतराशी प्रमाण मुद्दाम 0.9996 ठेवतात, म्हणजे किलोमीटरमागे 40 सेंटीमीटर कमी. दोन्ही बाजूंना ते वाढत जातं आणि सुमारे 180 किलोमीटरवर बरोबर 1 होतं.

आता 75° पासून पश्चिमेला तेवढं अंतर मोजा. आपण रत्नागिरी शहरात पोहोचतो, म्हणजे प्रमाण बरोबर 1 असलेली खरी रेघ इथूनच जाते! मला ही गोष्ट विलक्षण वाटते. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही चूक किलोमीटरमागे 40 सेंटीमीटरच्या पुढे जात नाही.

हे घरी तपासता येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात लंबगोलाचा (पृथ्वीच्या वक्र आकारावर अंतर मोजण्याचा) पर्याय बंद करा, म्हणजे ते सपाट कागदावरचंच अंतर मोजेल. मग डहाणू ते रेडी सरळ अंतर आधी 3857 (मोबाइल नकाशांचं मर्केटर) आणि नंतर 32643 (यूटीएमचा 43वा पट्टा) या प्रक्षेपण-क्रमांकांवर मोजा. दोन उत्तरांत पंचवीस-तीस किलोमीटरचा फरक पडेल.