मॉड्युलर ट्यूब अँप आणि दोन व्हॉल्व्हचा निर्णय

मॉड्युलर ट्यूब अँपची (ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी) कल्पना सांगायला सोपी आहे. स्पीकर हाकणारा पॉवर अँप, ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा एका चासीत, म्हणजे धातूच्या सांगाड्यात, कायमचे बसवायचे आणि गिटारच्या आवाजाला वळण देणारा प्रीअँप तेवढा काढता-घालता येईल असा ठेवायचा. जुन्या ढंगाचा क्रंच हवा तर एक मॉड्यूल, घट्ट पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेल्या तारा) हवे तर दुसरं. हेवी रॉकसाठी असा अँप घेणारे बहुतेकजण मॉड्यूलच्या यादीपासून सुरुवात करतात. हा प्रकार कुठून आला आणि त्यात कोणती तडजोड कायमची शिरली हे पाहिलं, तर सुरुवात चासीपासून करायला हवी असं माझं ठाम मत आहे.

१९६२ साली लंडनमध्ये तयार झालेल्या मार्शल जेटीएम ४५ या अँपच्या सर्किटचा नकाशा फेंडर बॅसमन या अमेरिकन अँपचा होता, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या पिढीच्या अँपमध्ये आवाज फाटायचा तो मुख्यतः पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर ताणल्यावर. बर्मिंगहॅममधून १९७० च्या सुमारास ब्लॅक सॅबथचा जो जड आवाज बाहेर पडला, तोही असाच होता: पुढे ट्रेबल बूस्टर (वरच्या पट्टीला जोर देणारं पेडल), मागे १०० वॅटचा अँप जवळपास पूर्ण उघडलेला. प्रीअँप बदलून आवाजाची जातच बदलेल, अशी सोय तेव्हा नव्हती.

ती सोय कॅस्केडिंगने आली, म्हणजे एका गेन स्टेजने (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्याने) दुसरीला, दुसरीने तिसरीला ढकलण्याने. कॅलिफोर्नियात मेसा बूगीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाट धरली. मार्शलने १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम (प्रीअँप ताणूनही एकूण आवाज कमी ठेवणारं बटण) असलेला २२०३ काढला. तो १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने ओळखला गेला. १९८७ चा सोल्डानो एसएलओ १०० आणखी पुढे गेला. त्यानंतर पीव्ही ५१५० आणि मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आले आणि नव्वदच्या दशकाचा जड आवाज याच घराण्यातून घडला. आता फाटणं प्रीअँपमध्ये होत होतं. मॉड्यूलला खरा अर्थ मिळाला तो इथे.

पहिला गंभीर प्रयत्न मात्र यातल्या बऱ्याच अँपच्या आधीचा आहे. पिकअपसाठी प्रसिद्ध असलेल्या सेमूर डंकनने १९८० च्या दशकाच्या मध्यास कन्व्हर्टिबल नावाचा अँप काढला. त्यात पूर्ण चॅनल बदलायचा नसून एकेक टप्पा बदलायचा होता. वाजवणाऱ्याला स्वतःच सर्किटची मांडणी ठरवता येत होती. मला ही कल्पना आजही सगळ्यांत धाडसी वाटते, पण स्टेजवरच्या गिटारिस्टला टप्पे नको होते, तयार आवाज हवे होते. ते त्याला रॅकने, म्हणजे एका कपाटात रचलेल्या वेगवेगळ्या यंत्रांनी, दिले. एडीए एमपी-१ सारखे मिडीवर (यंत्रांना डिजिटल आज्ञा देण्याच्या पद्धतीवर) चालणारे ट्यूब प्रीअँप, वेगळे पॉवर अँप, स्विचिंगची कपाटं. नव्वदच्या सुरुवातीला रॅकची फॅशन ओसरली, पण एकाच जागेवरून अनेक अँपचे आवाज काढण्याची सवय राहिली.

ती सवय एग्नेटर या अँप कंपनीने मॉड्यूलमध्ये आणली आणि २००० च्या दशकाच्या मध्यावर तीच रचना परवान्याने घेऊन रँडलने एमटीएस ही मालिका बाजारात आणली. आरएम १०० मध्ये तीन मॉड्यूल, आरएम ५० मध्ये दोन, आरएम ४ या रॅक प्रीअँपमध्ये चार. प्लेक्सी, ब्लॅकफेस, टॉप बूस्ट, अल्ट्रा अशी नावं पाहूनच कोणता अँप डोळ्यांपुढे ठेवलाय हे कळायचं. मॉड्युलर म्हटल्यावर आज बहुतेकांना जे आठवतं, ते याच काळातलं आहे.

आणि इथेच तो निर्णय झाला ज्यावर अजून वाद होतात: प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन १२एएक्स७ व्हॉल्व्ह. एका १२एएक्स७ मध्ये दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे स्वतंत्र भाग) असतात, म्हणजे एका मॉड्यूलला मिळाले चार. जेसीएम ८०० ला तीन गेन स्टेज आणि टोन स्टॅक (बेस, मिडल, ट्रेबलची बटणं) हाकणारा एक कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे ढकलणारा टप्पा, मिळून चारच ट्रायोड लागतात. म्हणून ते घराणं मॉड्यूलमध्ये अगदी मापात बसतं. एसएलओच्या ओव्हरड्राइव्ह चॅनलला चार गेन स्टेज आणि एक फॉलोअर, म्हणजे पाच लागतात. पाचवा आणायचा कुठून?

उत्तरं निघाली, पण प्रत्येकाची किंमत होती. एक गेन स्टेज वगळायची आणि उरलेल्यांना जास्त ताणायचं. किंवा फॉलोअर वगळून टोन स्टॅक सरळ गेन स्टेजच्या प्लेटवरून हाकायचा. किंवा फॉलोअरच्या जागी मॉसफेट, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, लावायचा. शेवटच्या उपायावर ट्यूबप्रेमी मंडळी नाराज होतात. मला त्यात फारसं वावगं दिसत नाही, कारण ती जागा मुळात आवाज वाढवण्याची नाही. कॅथोड फॉलोअर स्वतःही थोडा दाबतो आणि रंग देतो हे खरं, पण गेन स्टेज गमावण्यापेक्षा ते परवडतं.

कारण जड आवाजाचं मर्म केवळ किती गेन यात नाही, सिग्नल कोणत्या क्रमाने छाटला जातो यात आहे. जेसीएम ८०० मधल्या एका टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहील हे ठरवणारा) १० किलोओहमचा आहे. एसएलओमध्ये तो ३९ किलोओहम. नेहमीच्या टप्प्यात तो साधारण दीड ते पावणेतीन किलोओहम असतो. रेझिस्टर मोठा झाला की टप्पा थंड बायसवर, म्हणजे कमी प्रवाहावर, चालतो आणि लहरीची एक बाजू दुसरीच्या आधी छाटतो. हाय-गेन आवाजाला जी दाणेदार धार येते, तिचा मोठा वाटा या छाटणीचा. शिवाय सुरुवातीच्या टप्प्यांत बेस कापलेला हवा, नाहीतर खालची तार नुसती घरघरते. ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवून नेमकं हेच काम अँपच्या बाहेर करतं. चार ट्रायोडच्या मॉड्यूलमध्ये थंड टप्पा आणि बेसची ही कापणी नीट बसवली असेल, तर पुढे पेडल लावून पाचव्याची उणीव बरीच भरून निघते. नाव मोठं आणि मांडणी अर्धवट असलेलं मॉड्यूल मात्र आवाज कितीही वाढवला तरी भुसभुशीतच राहतं.

मॉड्यूलच्या नावात जे येतं पण मॉड्यूलमध्ये येत नाही, त्याचा हिशेब फार कमी लोक मांडतात. ड्युअल रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये पॉवर अँपचा निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज आवरणारी जोडणी) काढून टाकला जातो. खालच्या पट्टीचा तो सैलसर, अंगावर येणारा धक्का बराचसा तिथून येतो. प्रीअँपची नक्कल कितीही चोख असो, चासीतला फीडबॅक कायम असेल तर तो धक्का मिळणार नाही. प्रेझेन्स आणि डेप्थ (पॉवर अँपमधली वरच्या आणि खालच्या पट्टीची बटणं), आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पॉवर व्हॉल्व्ह, या सगळ्यांचं तेच. ईएल३४ मध्यपट्टीत गुरगुरतो, ६एल६ खाली जास्त पसरतो, केटी८८ उशिरापर्यंत फाटत नाही. मॉड्यूल कोणतंही घाला, हा थर तोच राहतो. आरएम १०० चं मला सगळ्यांत मोल वाटतं ते यासाठी की त्यात वेगवेगळ्या जातीचे पॉवर व्हॉल्व्ह चालतात आणि बायस बाहेरून तपासता येतो.

रँडलने ही मालिका बंद केल्यावर, २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिनर्जी या कंपनीने ती रचना पुढे नेली. सोल्डानो, फ्रीडमन, बोग्नर, डीझेल यांच्या नावाची अधिकृत मॉड्यूल आली आणि जुन्या एग्नेटर व रँडल चासीतही ती बसू लागली. या मॉड्यूलमध्ये दोन चॅनल आहेत, पण व्हॉल्व्ह दोनच. म्हणजे जुना निर्णय कायम राहिला आणि वर ते चार ट्रायोड दोन चॅनलमध्ये वाटून घेतले गेले. तोपर्यंत डिजिटल मॉडेलर आणि प्रोफाइलर (खऱ्या अँपच्या आवाजाची नक्कल करणारी यंत्रं) इतके सुधारले होते की फक्त विविधतेसाठी ट्यूब मॉड्यूल घेण्याचं कारण उरलं नाही. आता ते घ्यायचं तर खऱ्या पॉवर अँपच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या वजनासाठी.

व्हॉल्व्हच्या पुरवठ्याचाही विचार हवा. पाश्चात्त्य कारखाने १९८० च्या दशकात एकेक करून बंद पडले. पुढची जवळपास सगळी भिस्त रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनवर राहिली. २०२२ मध्ये रशियातून येणारा माल अडला तेव्हा किमती चढल्या. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात एके काळी रेडिओसाठी ईसीसी८३ आणि ईएल८४ बनत, पण ते उत्पादन केव्हाच थांबलं. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, त्यामुळे जुन्या रेडिओवाल्याकडे तो साठा निघाला तर मॉड्यूलमध्ये चालतो. चार मॉड्यूल म्हणजे आठ प्रीअँप व्हॉल्व्ह, पॉवरचे वेगळे. आणि अमेरिकेतून जुनी चासी मागवणार असाल, तर मेन ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टचं टॅप (त्या व्होल्टेजसाठीची जोडणी) आहे का ते आधी विचारा. १२० व्होल्टचाच निघाला, तर त्या अँपसोबत तेवढ्या वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही प्रत्येक कार्यक्रमाला न्यावा लागेल.